परतीची वाट
दूरचित्रसंवादाने शिकवण्याच्या एका मोठ्या प्रयोगाची चिकित्सा

दूरशिक्षणातले ‘दूर’ म्हणजे नेमके किती दूर? प्रश्न साधा आहे, पण तो कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत विचारला की उत्तर देणे सोपे राहत नाही. कर्जत स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने १०० किलोमीटरवर आहे आणि मुंबईची लोकल गाडी तेथपर्यंत येते. खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. नकाशा पाहणाऱ्याला हा भाग दुर्गम वाटणारच नाही. पण १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा हमरस्त्यापासून काही किलोमीटरवरच्या त्या वाडीत खोदाईची यंत्रे नेता आली नाहीत. मदतीला जाणाऱ्यांना डोंगर चढून पायीच जावे लागले. अंतर किलोमीटरवर नव्हे, तर वाट आहे की नाही यावर ठरते, हे त्या रात्री सर्वांनाच दिसले.

शिक्षणाचेही तसेच आहे. शहरातल्या उत्तम शिक्षकाचा तास वाडीवरच्या शाळेत पोहोचवण्याचे स्वप्न आपल्या देशात पन्नास वर्षांपासून पाहिले जात आहे. त्यासाठी उपग्रह सोडले गेले, तारा टाकल्या गेल्या, पडदे बसवले गेले. या सर्व प्रयत्नांकडे पाहताना आम्हाला एकच कसोटी महत्त्वाची वाटते. शिक्षकाचे बोलणे विद्यार्थ्यापर्यंत जाण्याची वाट झाली. विद्यार्थ्याचा प्रश्न शिक्षकापर्यंत येण्याची वाट झाली का? पहिलीला आपण जाण्याची वाट म्हणू आणि दुसरीला परतीची वाट.

या कसोटीवर आम्ही येथे एका मोठ्या कारकिर्दीतील एका कामाची तपासणी करणार आहोत. मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक दीपक फाटक यांनी दूरचित्रसंवादाच्या, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या, साहाय्याने हजारो शिक्षकांना एकाच वेळी प्रशिक्षण देण्याचा जो उपक्रम चालवला, ते हे काम. त्याचे मोल कळण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

जाण्याची वाट

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने ‘साइट’ हा प्रयोग केला. अमेरिकेच्या ‘ए.टी.एस.-६’ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवले गेले. या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. प्रयोगाचा एक भाग शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या वर्षात प्राथमिक शाळांतील जवळजवळ ५०,००० शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. ते केवळ दूरचित्रवाणीवरून नव्हते. जोडीला नभोवाणी होती, छापील साहित्य होते आणि हाताने करायचे प्रयोगही होते.

पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी भारताने फक्त शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडला. प्राथमिक चाचणीसाठी निवडलेल्या विद्यापीठांत नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होते. या उपग्रहाचे काम २०१० साली थांबले. पण कर्जतसारख्या भागाला उपग्रह का सोयीचा, हे समजून घेण्यासाठी तो उदाहरण म्हणून उत्तम आहे.

कर्जत सुमारे १८.९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.३ अंश पूर्व रेखांशावर आहे. एज्युसॅट विषुववृत्तावर ७४ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर ठेवलेला होता. म्हणजे तो कर्जतहून जवळजवळ थेट दक्षिणेला दिसणार. गणित केले तर क्षितिजापासून त्याची उंची सुमारे ६८ अंश येते. २१ मार्चच्या सुमारास भर मध्यान्ही सूर्य जेथे दिसतो, तेथून फक्त तीनेक अंश खाली.

आता डोंगराचे पाहू. वाडीपासून एक किलोमीटरवर ३०० मीटर उंचीचा डोंगर असेल, तर त्याचा माथा क्षितिजापासून सुमारे १७ अंशांवर दिसतो. त्याच्या पलीकडे मोबाइलचा मनोरा असेल, तर वाडी त्या डोंगराच्या सावलीत जाते. मोबाइलच्या लहरींची लांबी ३० सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. एवढ्या आखूड लहरी डोंगराला फारसा वळसा घालू शकत नाहीत. पण ६८ अंशांवरच्या उपग्रहाला तो डोंगर आड येत नाही. त्याला झाकायला एक किलोमीटरवरचा डोंगर जवळजवळ अडीच किलोमीटर उंच हवा, आणि आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे! आकाशवाणीच्या मध्यम लहरींचे कारण वेगळे. त्यांची लांबी काही शे मीटर असते, त्यामुळे त्या डोंगराला वळसा घालून दरीत उतरतात.

हा प्रयोग वर्गात करता येईल. कोनमापकाच्या मध्याला दोरा बांधून खाली दगड अडकवावा, वरच्या कडेवरून डोंगरमाथ्याकडे पाहावे आणि दोरा कोणत्या अंशावर येतो ते पाहून उन्नतांश काढावा. शाळेच्या आठही दिशांचे आकडे वहीत लिहिले, की गावाला मोबाइल कोठून मिळतो आणि कोठून मिळत नाही याचा उलगडा मुलांना स्वतःच होतो.

तात्पर्य, जाण्याची वाट ही भौतिकशास्त्राची अडचण होती आणि ती भौतिकशास्त्राने बरीचशी सोडवली.

परतीची वाट

परतीची वाट मात्र अरुंदच राहिली. उपग्रहाचे कार्यक्रम पाहायला एक थाळी आणि एक संच पुरतो. उपग्रहाकडे संदेश पाठवायला प्रक्षेपक लागतो, परवानगी लागते, वीज लागते आणि पैसा लागतो. १९९६ साली मध्य प्रदेशातील झाबुआ या भिल्लबहुल जिल्ह्यात ‘इस्रो’ने संवादी दूरचित्रवाणीचा प्रकल्प सुरू केला. त्यात कार्यक्रम पाहण्याची सोय १५० गावांत होती. उलट बोलण्याची सोय मात्र १२ ठिकाणी, गटांच्या मुख्यालयांत होती. आपल्या ‘साइट’च्या पुढे हे मोठेच पाऊल होते. तरी दोन आकडे शेजारी ठेवले की जाण्याच्या आणि परतीच्या वाटेची रुंदी कळते.

उपग्रहावरून संवादात आणखी एक अडचण सांगितली जाते, ती विलंबाची. शिक्षकाचा आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत सुमारे ७२,००० किलोमीटर जातो. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३,००,००० किलोमीटर, म्हणजे ०.२४ सेकंद लागले. विद्यार्थ्याचे उत्तर परत यायला तेवढेच. एकूण जवळजवळ अर्धा सेकंद. समोरासमोरच्या गप्पांत एकाचे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी ०.२ सेकंद जातात. म्हणून अर्ध्या सेकंदाने माणसे अडखळतात आणि एकमेकांच्या बोलण्यात बोलतात.

पण वर्ग म्हणजे गप्पा नव्हेत. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. ते तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांब येतात, अधिक मुले बोलतात आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद थांबणाऱ्या शिक्षकाला अर्ध्या सेकंदाचा विलंब जाचणार नाही. तेव्हा परतीची वाट अडते ती प्रकाशाच्या वेगामुळे नाही. कारण दुसरीकडे आहे.

दोन कारकिर्दी

महाराष्ट्रात या विषयावर लिहिताना आधी राम ताकवले यांचे नाव घेतले पाहिजे. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पुराणिकांसोबत त्यांनी लिहिलेले अभिजात यामिकीचे पाठ्यपुस्तक देशभर वापरले गेले. १९८९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. २०२३ साली त्यांचे निधन झाले. त्या विद्यापीठाची बांधणी पडद्यावर नव्हती. स्वतः वाचून शिकता येईल असे पुस्तक आणि जवळच्या गावात अभ्यासकेंद्र, हे तिचे दोन खांब. अभ्यासकेंद्र म्हणजे ठरलेल्या दिवशी भेटणारा, शंका ऐकणारा माणूस. तंत्र जुने होते, पण परतीची वाट आराखड्यातच होती.

फाटक यांची वाट वेगळी. इंदूरला विद्युत अभियांत्रिकी शिकून ते मुंबईच्या आय.आय.टी.त आले, १९७१ पासून तेथे शिकवू लागले आणि संगणकशास्त्रात रमले. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००९ साली केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानातून शिक्षण देण्याचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यातून त्यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतल्या. पुढे या उपक्रमाला ‘दहा हजार शिक्षकांचे प्रशिक्षण’ असे नाव मिळाले. पवईतून व्याख्यान होई आणि देशभरच्या महाविद्यालयांतील केंद्रांत शिक्षक ते थेट पाहत. संवादासाठी अमृता विद्यापीठाने विकसित केलेली ‘ए-व्ह्यू’ ही प्रणाली होती. तिच्यात केंद्राने हात वर केल्याची खूण करायची, मग व्याख्यात्याने त्या केंद्राला पडद्यावर बोलवायचे. चित्र आणि आवाज दोन्ही दोन्हीकडून जात. म्हणजे तंत्राच्या दृष्टीने परतीची वाट आता जाण्याच्या वाटेइतकीच रुंद झाली होती.

मग प्रश्न सुटला का? एक साधा हिशेब करू. समजा २०० केंद्रे आहेत आणि प्रत्येक केंद्रात ४० शिक्षक. एकूण ८,००० जण. रोज एक तास प्रश्नांसाठी ठेवला आणि एका प्रश्नोत्तराला तीन मिनिटे लागली, तर दिवसाला २० प्रश्न होतील. दहा दिवसांत २००. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला संपूर्ण कार्यशाळेत एक प्रश्न, आणि चाळिसांतल्या एकोणचाळीस जणांना एकही नाही. तारा कितीही जाड टाका, या हिशेबात फरक पडत नाही. कारण पलीकडे ऐकणारा माणूस एकच आहे, आणि माणसाला एका वेळी एकाचेच ऐकता येते.

फाटक यांच्या उपक्रमाचे खरे मोठेपण आम्हाला येथे दिसते. त्याची रचना या हिशेबावर मात करणारी होती. मुख्य कार्यशाळेच्या आधी प्रत्येक केंद्राच्या समन्वयकांची वेगळी कार्यशाळा होई. मुख्य कार्यशाळेत व्याख्यान पवईहून येई, पण उदाहरणे सोडवण्याचे आणि प्रयोगशाळेचे तास त्या-त्या केंद्रात तेथला समन्वयक घेई. शेजारी येऊन उभा राहणारा, चुकलेली ओळ बोटाने दाखवणारा माणूस तेथेच हजर असे. पवईपर्यंत फक्त तेथे न सुटलेले प्रश्न जावेत, अशी ही व्यवस्था. पडद्याचे कौतुक खूप झाले. आमच्या मते कौतुकाचा अर्धा वाटा तरी समन्वयकाचा आहे. शिवाय व्याख्याने आणि साहित्य सर्वांना खुले ठेवण्याचा आग्रह हीही या कामाची मोठी जमेची बाजू.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. नावातला दहा हजार हा आकडा किती जणांपर्यंत पोहोचलो याचा आहे. त्या शिक्षकांच्या वर्गात पुढे काय बदलले, हे अशा आकड्यातून कळत नाही; आणि शिक्षक-प्रशिक्षणाचा हेतू तर तोच असतो. दुसरे, हे सारे अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी होते. तेथे संगणक होते, जोडणी होती, समन्वयक होण्याजोगा प्राध्यापक होता आणि शिकणाऱ्यांना इंग्रजी येत होते. यातले काहीच गृहीत धरता येत नाही, तेथे हा नमुना जसाच्या तसा चालणार नाही. हा दोष त्या उपक्रमाचा म्हणता येणार नाही. पण त्याचे अनुकरण करणाऱ्यांनी ही अट लक्षात घेतली नाही.

अनुकरणात काय गळले

शाळांपर्यंत येताना या नमुन्यातला पडदा आला आणि समन्वयक गळाला. प्रशिक्षण म्हणजे यूट्यूबवरचे थेट प्रक्षेपण, आणि परतीची वाट म्हणजे पडद्याशेजारच्या चौकटीत ‘उपस्थित’ असे टंकणे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. दोन-शिक्षकी शाळेतला शिक्षक असे प्रक्षेपण ऐकतो तेव्हा त्याच्या शेजारी कोणीही नसते.

याची किंमत २०२० साली कळली. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. जिल्ह्यात विजेचे खांब पडले, मोबाइलची यंत्रणा कोलमडली. त्याच महिन्यात राज्यभर शाळेचे वर्ष पडद्यावरून सुरू करण्याची तयारी चालली होती. ठाकर आणि कातकरी वाड्यांतील मुलांसाठी अडचणी एकावर एक होत्या. फोन नाही, फोन असला तर तो वडिलांबरोबर कामावर, फोन घरी असला तर डोंगराची सावली. आणि सर्व जुळून आले तरी पडद्यावरची प्रमाण मराठी घरच्या बोलीहून वेगळी. शेवटचे अंतर कोणत्याही उपग्रहाने कापले जात नाही.

जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिची मांडणी आम्हाला विचारपूर्वक केलेली वाटते. मुलाने घरच्या मोठ्या माणसाबरोबर काहीतरी करून पाहावे, असे तिचे स्वरूप होते. परतीची वाट नसलेल्या माध्यमाने ती घरातच शोधण्याचा हा प्रयत्न होता. अनेक आदिवासी भागांत शिक्षक स्वतःच वाड्यांवर गेले, ओट्यावर किंवा झाडाखाली पाच-सात मुले घेऊन बसले. त्याला कोणी दूरशिक्षण म्हटले नाही. पण पडद्यावर जे पोहोचत होते त्याला परतीची वाट दिली ती त्यांनीच. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ पासून परवानगी मिळाली. जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेले मूल तोवर दुसरीच्या मध्यावर आले होते. या दीड वर्षात ज्या मुलाला काय येत नाही हे कोणी विचारलेच नाही, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचले की नाही हा प्रश्न दुय्यम आहे.

शिक्षकांनी काय विचारावे

आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. एखाद्या प्रयोगशाळेतले उपकरण, दुर्बिणीतून दिसणारे शनीचे कडे, दुसऱ्या राज्यातल्या शाळेतली मुले हे सर्व वाडीवरच्या मुलांना पडद्यावर दिसावे असे आम्हालाही वाटते. पण नवी योजना शाळेत येईल तेव्हा तिला काही प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न : मुलाची शंका कोण ऐकणार, आणि तो माणूस शाळेपासून किती अंतरावर असेल? ‘तज्ज्ञ ऐकतील’ हे उत्तर पुरेसे नाही. वरच्यासारखा हिशेब करून एका मुलाच्या वाट्याला किती मिनिटे येतात ते काढावे.

दुसरा : चित्राची गरज आहे का? सेकंदाला ५०० किलोबिट वेगाने एक तास चित्र पाहिले तर सुमारे २२५ मेगाबाइट खर्च होतात. साध्या दूरध्वनीच्या प्रतीचा, म्हणजे ६४ किलोबिटचा, आवाज तासभर ऐकला तर सुमारे २९. जवळजवळ आठपट फरक! जोडणी अशक्त असेल तर चित्र आधीच छापून किंवा पेटीत भरून पाठवावे आणि तारेवरून फक्त बोलावे. प्रश्न विचारायला आवाज पुरतो.

तिसरा : भाषा कोणाची? मुलांच्या बोलीत बोलणारा एक तरी माणूस या व्यवस्थेत आहे का?

चौथा : यशाचे माप काय? किती शाळा जोडल्या, हे पुरवठ्याचे माप झाले. किती मुलांनी प्रश्न विचारले आणि किती प्रश्नांना उत्तर मिळाले, हे शिक्षणाच्या जवळ जाणारे माप आहे. त्यासाठी एक वही पुरते.

या चारही प्रश्नांची उत्तरे शोधायला नवे यंत्र लागत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत आपण महिन्याकाठी भेटतोच. तेथे एखादे ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान पंधरा मिनिटे पाहावे, मग ते बंद करून एका शिक्षकाने पाऊण तास चर्चा आणि प्रयोग चालवावा. फाटक यांच्या कार्यशाळेतला समन्वयक आणि ताकवल्यांच्या विद्यापीठातले अभ्यासकेंद्र यांचे हे आपल्या आवाक्यातले रूप होईल. दूरच्या तज्ज्ञाचे ज्ञान जरूर घ्यावे. मात्र मुलाच्या शेजारी बसून त्याचे ऐकण्याचे काम त्या तज्ज्ञावर सोपवू नये. ते आपलेच आहे, आणि त्यासाठी वेळ, माणसे आणि प्रशिक्षण मागण्याचा हक्कही आपलाच आहे.

आपल्या शाळेत पडदा आला असेल, तर एक महिना मुलांच्या प्रश्नांची वही ठेवून पाहा. किती प्रश्न पडद्याकडे गेले, किती आपल्याकडे आले आणि किती उत्तराविना राहिले, याची मोजदाद आम्हाला जरूर कळवावी.